समुद्रकांठचा निळा खेकडा

नाशिकसारख्या घाटमाथ्यावरच्या गांवीं राहणाऱ्या माणसानें समुद्रांतील खेकड्यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमचें अंबड तर आतां कारखान्यांचें; तेथें पावसाळ्यांत ओढ्यानाल्यांतून निघणारा काळा खेकडा तेवढा ओळखीचा. परंतु दिवाळीच्या सुटींत आमच्या शहरांतून पुष्कळ कुटुंबें त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड ह्या वाटेनें डहाणूच्या किनाऱ्यास उतरतात, आणि तेथें जो खेकडा खातात तो बहुधा मसाल्यांत बुडालेला, कधीं कधीं शिळाही असतो. पैसे मोजून, प्रवासाची दगदग सोसून, समुद्राच्या कांठीं बसून समुद्राची चव मात्र पदरीं पडूं नये, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. ती चव मिळविण्याचा मार्ग म्हणजे ताजा निळा खेकडा नुसत्या वाफेवर उकडून खाणें.

हा खेकडा खाडींतल्या चिंबोरीहून निराळा. चिंबोरी काळसर हिरवट, जाड कवचाची, कांदळवनाच्या चिखलांत बिळें करून राहणारी. निळा खेकडा वाळूवरचा. कवचाच्या दोन्ही बाजूंस एकेक लांब काटा, आणि मागचे चपटे पाय वल्ह्यांसारखे मारीत तो चपळाईनें पोहतो. नर निळसर, मादी मळकट तपकिरी. पाठीवर तीन तांबूस ठिपके मिरविणारा त्याचा भाऊबंदही आपल्या बाजारांत पुष्कळ येतो, आणि चवीस तोही कमी नाहीं.

अमेरिकेंत चेसापीक उपसागराच्या कांठीं अशाच एका निळ्या खेकड्यावर लोकांचा जीव आहे. त्याचें शास्त्रीय नांव १८९६ सालीं मेरी रॅथबन ह्या विदुषीनें ठेविलें. त्याचा अर्थ ‘सुंदर पोहणारा, रुचकर’ असा होतो. शास्त्रज्ञांच्या नामकरणांत जिभेला मिळालेला असा मान विरळाच! तेथें खेकडे वाफेवर शिजवून वर्तमानपत्राच्या कागदावर ओततात, आणि लहानथोर मंडळी लाकडी हातोड्या घेऊन भोंवतीं बसतात. त्यांवर घालावयाचा प्रसिद्ध मसाला गुस्ताव ब्रुन नांवाच्या, नाझी जर्मनींतून निसटून बाल्टिमोरला आलेल्या, एका ज्यू निर्वासितानें १९३९ सालीं सिद्ध केला.

आपल्याकडे वाफेची विद्या कमी आहे असें नव्हे. उकडीचे मोदक, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, पारशी मंडळींची केळीच्या पानांत गुंडाळलेली पात्रानी मच्छी, हीं सर्व वाफेचींच अपत्यें. खेकड्याच्या वांट्याला मात्र कालवण आलें. कालवणाची मी निंदा करीत नाहीं. पण तिखट आणि वाटण ह्यांखालीं ताजा खेकडा आणि तीन दिवसांचा खेकडा एकच लागतो, हें खाणावळवाल्यांना पक्कें ठाऊक असतें. वाफेवर ही लबाडी चालत नाहीं. गेल्या वर्षीं एका खाणावळींत मीं उकडलेला खेकडा मागितला, तेव्हां चालकानें तीन सबबी सांगून शेवटीं रश्श्याचेंच ताट पुढें केलें. त्या रश्श्याच्या वासावरूनच सबबींचा अर्थ कळला.

तेव्हां पहिलें काम बाजारांत, तेंही सकाळीं. माझ्या पत्नीचें माहेर ह्या किनाऱ्याचें. धाकटी डहाणूसारख्या मच्छिमार गांवांत होड्या आल्या कीं तिचा चेहरा निराळाच होतो. पाटीपुढें ती भाव आधीं विचारीत नाहीं. कोळीणही जाणते; म्हणते, “बाय, हातांत घेऊन बघ, मग भाव कर.” सारी परीक्षा हातांतच आहे. सारख्या आकाराच्या दोन खेकड्यांपैकीं जड तो घ्यावा. पोटाचा भाग दाबला असतां कठीण लागला पाहिजे. पोट पांढरें स्वच्छ, चकचकीत दिसलें तर भुलूं नये; त्यानें नुकतीच कात टाकलेली असते, आणि नव्या कवचांत मांसाऐवजीं पाणीच फार असतें. जरा मळकट, जुन्या कवचाचा खेकडा भरलेला निघतो. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पुनवेचा पोकळ असें किनाऱ्यावर सांगतात. मी तिथीपेक्षां हातावर अधिक विश्वास ठेवतों. खेकडा जिवंतच हवा. मेलेला खेकडा फार लवकर नासतो. तो फुकट दिला तरी घेऊं नये.

पोटावरची झडप अरुंद व टोंकदार असली तर नर, रुंद व गोलसर असली तर मादी. मांसासाठीं नरच उत्तम. झडपेखालीं अंड्यांचा नारिंगी किंवा करडा झुबका धरलेली मादी मात्र आमच्या घरांत येत नाहीं. त्या एका झुबक्यांत कित्येक लक्ष अंडीं असतात. जूनच्या आरंभापासून जुलैअखेर महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते ती ह्याच पैदाशीसाठीं. मग सुटीवर आलेल्या पाहुण्यानें एवढेंही पथ्य कां पाळूं नये? डहाणू तालुका १९९१ सालींच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आहे. जवळच्या वाढवणला प्रचंड बंदर बांधण्यास केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मान्यता दिली, आणि तेथील खडकाळ उथळ किनारा मासळीच्या पैदाशीचा आहे असें सांगत मच्छिमारांनीं विरोध मांडला. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. परंतु पाटींतला खेकडा कोठून येतो, हें खाणारानें एकदां तरी विचारावें.

आतां शिजविणें. उतरलेल्या घरच्या बाईंना विनंती केली आणि मोबदला दिला, तर त्या हौसेनें करून देतात. त्यांच्या देवाच्या मोदकपात्राला मात्र हात लावूं नये, निराळें पातेलें मागावें. खेकडे आधीं अर्धा तास बर्फांत ठेवावे म्हणजे ते बधिर होतात. तसेच जिवंत वाफेवर टाकले तर धडपडींत पाय आणि नांग्या गाळून टाकतात, आणि प्राण्याचे हालही होतात. मग धुऊन, पातेल्यांत दोन बोटें पाणी व मूठभर मीठ घालून, वर चाळण ठेवून त्यांवर खेकडे उताणे मांडावे. उताणे अशासाठीं कीं आंतला रस कवचाच्या वाटींतच राहतो. झांकणावर वजन ठेवावें. मध्यम खेकड्यास पंधरा ते वीस मिनिटें पुरतात. झांकण काढतां निळा रंग जाऊन केशरी तांबडा आलेला दिसतो, आणि नातवंडें हटकून कारण विचारतात. कवचांतलें तांबडें रंगद्रव्य एका प्रथिनाशीं बांधलेलें असतें म्हणून निळें दिसतें. उष्णतेनें ती गांठ सुटते, इतकेंच.

कवच उघडल्यावर दोन्ही बाजूंचे पिसांसारखे करडे कल्ले काढून टाकावे. बाकीचें लिंबू पिळून, फार तर थोडी मिरपूड लावून खावें. लहान मुलांना नांगीचें मांस आधीं काढून द्यावें. फोडण्यास खलबत्त्याचा बत्ता पुरे.

पुष्कळजण विचारतात, परततांना नाशिकला खेकडे नेतां येतील काय? निळा खेकडा पाण्याबाहेर फार वेळ जगत नाहीं, आणि पाणी घातलेल्या बादलींतही वाटेंतच गुदमरतो. तो डहाणूसच खाऊन संपवावा. न्यावयाचीच असेल तर नांग्या बांधलेली चिंबोरी ओल्या गोणपाटांत, सावलींत ठेवून न्यावी. जव्हारचा घाट चढून अंबडला पोंचेपर्यंत ती खुशाल जिवंत राहते.