आगाऊ अर्ज : मोकळा आणि बांधील

अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयें प्रवेशाचे अर्ज दोन हंगामांत घेतात. नेहमींचा हंगाम जानेवारीच्या सुमाराचा. आगाऊ अर्जाची मुदत बहुधा १ नोव्हेंबर व निकाल डिसेंबरच्या मध्याला. या आगाऊ अर्जांचे मुख्य प्रकार दोन, आणि नांवें सारखीं वाटल्यानें घोटाळा होतो. ‘अर्ली ॲक्शन’ हा नुसता लवकरचा अर्ज. प्रवेश मिळाला तरी विद्यार्थ्यानें १ मेपर्यंत खुशाल विचार करावा. ‘अर्ली डिसिजन’ हें मात्र वचनच. तो एकाच ठिकाणीं करतां येतो, त्यावर विद्यार्थी, पालक व शाळेचा सल्लागार अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि प्रवेश मिळाल्यावर इतर अर्ज मागें घ्यावे लागतात.

सधन घरास हें परवडतें. ज्यास आर्थिक मदतीवांचून शिकतां येत नाहीं, त्यास चार ठिकाणच्या मदतीची तुलना करण्याची सोयच उरत नाहीं. भाव न विचारतां सौदा पक्का केल्यासारखें तें होय. श्रीमंतांसच लाभ होतो म्हणून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीं २००६ सालीं आगाऊ प्रवेश बंद करण्याचें जाहीर केलें. २०११ सालीं दोघांनींहि तो पुन्हा सुरू केला, पण बांधील नव्हे. मिळालेली मदत खरोखरच अपुरी पडली तर बांधील अर्जाच्या वचनांतूनहि मोकळीक मागतां येते. सही करण्यापूर्वीं पालकांनीं तें कलम वाचून घ्यावें.