फोन ‘जड’ चालतो तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीने मोबाइलच्या तब्येतीवर बोलावे याचे काहींना हसू येईल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी ओळख जेमतेम. पण गेली काही वर्षे एक वाक्य मी सगळीकडे ऐकतो आहे. एस. टी.च्या थांब्यावर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, कविसंमेलनाच्या मांडवामागे, सगळीकडे एकच तक्रार : ‘फोन फार स्लो झालाय हो, सारखा हँग होतो.’ आणि त्याला लागूनच दुसरे वाक्य येते : ‘आता नवाच घ्यावा लागणार.’ आज मला बोलायचे आहे ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी. कारण पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना आपले आठ-दहा हजार रुपये जातात, आणि बऱ्याचदा त्याची गरज नसते.

माझ्या अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. गिऱ्हाईक यायचे आणि म्हणायचे, ‘चाचा, सायकल जड चालतेय.’ अब्बा काही न बोलता मागचे चाक उचलायचे, पायडल फिरवायचे आणि कान देऊन ऐकायचे. कधी चेन कोरडी पडलेली असायची, कधी छर्रे झिजलेले असायचे, तर कधी ब्रेकचे रबर रिमला घासत असायचे. तक्रार एकच, कारणे वेगवेगळी, आणि प्रत्येकाचा खर्चही वेगळा. ‘फोन स्लो झालाय’ हीसुद्धा नुसती तक्रार आहे. ते निदान नव्हे. निदान करायला चाक उचलून पाहावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. फोनमधला प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, वापरून झिजतो असे अनेकांना वाटते. तसे जवळजवळ होत नाही. पहिल्या दिवशी तो ज्या वेगाने आकडेमोड करू शकत होता, त्याच वेगाने चार वर्षांनीही करू शकतो. मग आड येते कोण? मुख्यतः तिघे : भरलेली जागा, थकलेली बॅटरी आणि वाढत गेलेले ओझे.

पहिली गोष्ट जागेची. फोनमध्ये फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप साठतात त्या स्मरणशक्तीला फ्लॅश मेमरी म्हणतात. तिचा स्वभाव मजेशीर आहे. आपल्या शाळेच्या पाटीवरचा एखादाच शब्द बोटाने पुसून तिथे दुसरा लिहिता यायचा. फ्लॅश मेमरीत तसे चालत नाही. तिथे पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. मग पाटीवर जे ठेवायचे आहे ते आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घ्यायचे, मग पहिली पुसायची, मग नवे लिहायचे. कोऱ्या पाट्या भरपूर असतील तर हे काम आपल्याला कळतही नाही. पण फोन काठोकाठ भरला की कोरी पाटी मिळेपर्यंत सगळे खोळंबते. आपण बोट दाबून बसतो आणि फोन आत उतरवाउतरवी करत असतो. स्वस्त फोनमध्ये ही मेमरी मुळातच संथ जातीची असते, म्हणून तिथे हा त्रास जास्त.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे २०१२ साली आलेला गूगलचा नेक्सस सेव्हन हा टॅब्लेट. सुरुवातीला तो छान चालायचा; भरत गेला तसा रखडू लागला. कोणत्या पाट्यांवरचा मजकूर आता नको आहे, हे त्याच्या मेमरीला वेळेवर कळवलेच जात नव्हते. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइडची ४.३ ही आवृत्ती आली, तिने ती सोय केली, आणि मंदावलेली तीच यंत्रे पुन्हा हलकी झाली. यंत्र तेच होते, बदलली होती ती झाडलोट.

दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. बॅटरी जुनी झाली की फोन लवकर उतरतो, एवढे सगळे जाणतात. पण त्यामुळे तो मंदही होऊ शकतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला विरोध वाढतो. आपण कॅमेरा उघडतो किंवा एखादे जड अ‍ॅप चालू करतो, तेव्हा प्रोसेसर एका दमात पुष्कळ वीज मागतो. म्हाताऱ्या बॅटरीला तो झटका सोसत नाही, दाब एकदम पडतो आणि फोन तीस टक्के चार्ज दिसत असतानाही पटकन बंद होतो.

आयफोनच्या बाबतीत हे जगजाहीर झाले. ॲपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये एक अपडेट दिले. बॅटरी थकलेली असेल तर फोन अचानक बंद पडू नये, म्हणून प्रोसेसरचा वेग गरजेपुरता आवरता घेण्याची सोय त्यात होती. ही सोय गैर म्हणता येणार नाही. दमलेल्या माणसाला आपण धावायला लावत नाहीच. गैर हे, की लोकांना ते स्पष्ट सांगितले गेले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये जॉन पूल या संगणकतज्ज्ञाने पुष्कळ फोनच्या वेगाची मोजमापे मांडली, तेव्हा हा प्रकार उघड झाला. कंपनीने कबुली दिली, माफी मागितली आणि २०१८ सालापुरती बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. फ्रान्सने २०२० मध्ये २ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. अमेरिकेत त्याच वर्षी, दोष मान्य न करता, ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तडजोड झाली. यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिले. नवे फोन अपेक्षेपेक्षा कमी का खपले, याच्या कारणांत त्यांनी स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. म्हणजे किती तरी लोकांना नवा फोन नकोच होता. त्यांना नवी बॅटरी हवी होती!

तिसरी गोष्ट ओझ्याची. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली बाजारात आला, तेव्हा त्याची रॅम, म्हणजे काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती, १९२ एमबी होती. पुढे साध्या फोनमध्येही ४ जीबी रॅम येऊ लागली, म्हणजे एकवीस पटींहून अधिक. तरी ती अपुरी पडते. कारण अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या हाती नवे, वेगवान फोन असतात. ते त्या मापाने कपडे शिवतात आणि आपल्या जुन्या फोनने ते घालून चालावे अशी अपेक्षा असते. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात दाखवून दिले होते, की यंत्रे जितकी वेगवान होतात त्यापेक्षा भरभर आज्ञावली जड होत जातात. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांना दंड केला, तो याच मुद्द्यावर : जुन्या फोनना न झेपणारी अपडेट घ्यायला लावली आणि परिणाम नीट सांगितले नाहीत.

आता ‘चाक उचलून’ पाहायचे कसे, ते सांगतो. आमच्या गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या एक ताई आहेत. गिऱ्हाइके ब्लाउजच्या गळ्याचे नमुने त्यांना फोनवर पाठवतात, पैसेही फोनवरच येतात, आणि संध्याकाळी त्यांची दहावीतली मुलगी त्याच फोनवर अभ्यास करते. त्यांचा तीन वर्षांचा फोन इतका मंदावला, की पैसे आले की नाही हे पाहायला पाच-पाच मिनिटे लागत. एका दुकानात त्यांना सांगितले, ‘याचे आयुष्य संपले, हप्त्यावर नवा घ्या.’ त्या विचारायला आल्या तेव्हा माझी भाची घरात होती. तिने आधी सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडले. ३२ जीबींपैकी एक जीबीही मोकळी नव्हती. बहुतेक जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून आपोआप उतरलेल्या व्हिडिओंनी आणि सुप्रभातच्या फुलांनी व्यापलेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्येच ‘मॅनेज स्टोरेज’ आहे; तिथे मोठ्या आणि पुन्हा पुन्हा फिरलेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. त्या तासाभरात नऊ जीबी मोकळ्या झाल्या. फोटो पुसले की ते पुष्कळदा महिनाभर कचऱ्याच्या डब्यातच पडून असतात, म्हणून तिने तो डबाही रिकामा केला, आणि आपोआप डाउनलोड होणे बंद केले. मग फोन एकदा बंद करून चालू केला. निम्मा आजार तिथेच गेला.

उरलेला निम्मा असा होता, की फोन पंचवीस-तीस टक्क्यांवर बंद पडायचा आणि चार्जरला लावला की बरा चालायचा. हे बॅटरीचे लक्षण. चांगल्या कारागिराकडून बॅटरी बदलून घेतली. खर्च आला तो त्यांच्या चार-पाच ब्लाउजांच्या मजुरीएवढा. नव्या फोनचे बारा हप्ते वाचले, आणि मुलीच्या क्लासची फी वेळेवर गेली.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी जागा पाहा. एकूण जागेपैकी पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा असू द्या. मग बॅटरी पाहा. आयफोनमध्ये मार्च २०१८ पासून बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसते, अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही दिसते. बॅटरी फुगून फोनची पाठ किंवा पडदा उचलला गेला असेल, तर मात्र तो चार्ज करू नका, दाबू नका. सरळ दुरुस्तीला द्या. फोन उन्हात, गाडीच्या काचेमागे, चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहताना फार तापतो. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि त्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. न वापरलेली अ‍ॅप काढून टाका. ‘फोन साफ करतो, वेग वाढवतो’ म्हणणारी अ‍ॅप मात्र घेऊ नका. रॅमचा हिशेब फोन स्वतः ठेवतो, आणि ही मंडळी घर झाडायच्या निमित्ताने येऊन स्वतःच मुक्काम ठोकतात. सुरक्षेची अपडेट चुकवू नका, कारण आपले बँकेचे व्यवहार त्याच फोनवर आहेत. एवढे करूनही गुण आला नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे फॅक्टरी रीसेट. त्याने फोनमधले सगळे पुसले जाते. म्हणून आधी फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या आणि आपल्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहिलेला आहे ना, ते पाहा.

जागा आणि बॅटरी यांचे आपण पाहू शकतो. ओझ्याचे मात्र सगळे आपल्या हाती नाही. कंपनीने सुरक्षेची अपडेट थांबवली, किंवा जुन्या फोनची अस्सल बॅटरी बाजारातून नाहीशी झाली, तर कारागिराचा हात कितीही चांगला असून उपयोग नाही. युरोपीय संघाने यासाठी नियम केले. २० जून २०२५ पासून तिथे विक्रीला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे. त्या फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि कार्यप्रणालीची अपडेट किमान पाच वर्षे मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील कंपन्यांनी तिथे द्यावा, ही कल्पना. त्यात मोबाइलही आहेत. पाऊल चांगले आहे. पण माहिती मिळणे आणि तालुक्याच्या गावात अस्सल बॅटरी मिळणे, यांत अजून बरेच अंतर आहे.

ते अंतर आपल्या विचारण्यानेही थोडे कमी होईल. पुढच्या वेळी दुकानात नवा फोन घ्यायला गेलात, तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढेच विचारू नका. अपडेट किती वर्षे मिळणार, बॅटरी बदलून मिळते का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. दुकानदार सुरुवातीला चक्रावेल. दहा जणांनी विचारल्यावर तो कंपनीच्या माणसाला विचारेल. आणि त्याच्याही आधी, घरातला मंदावलेला फोन टाकून देण्यापूर्वी त्याचे स्टोरेज एकदा उघडून पाहा.