सुपर्णांचे राज्य

चोपड्याच्या काठावर उभे राहून शापोरा नदीच्या मुखाकडे पाहिले, की पाण्यावर संथ घिरट्या घालणारा एक पक्षी हमखास दृष्टीस पडतो. डोके आणि छाती पांढरीशुभ्र, बाकीचे अंग विटकरी तांबडे. शिवोलीचा पूल होण्यापूर्वी फेरीबोटीने नदी ओलांडणाऱ्या उतारूंनाही तो सोबत करीत असे. पक्षिशास्त्रज्ञ याला ब्राह्मणी घार म्हणतात. मासे, खेकडे हे त्याचे भक्ष्य. तथापि दक्षिणेत अनेक ठिकाणी भाविक मंडळी त्याला साक्षात गरुड मानून हात जोडतात. पाण्यावरचा मासा उचलणाऱ्या या पक्ष्यापासून विष्णूच्या वाहनापर्यंतचे अंतर मानवी कल्पनेने कसे तोडले असेल?

देवळात विष्णूपुढे असलेली गरुडाची मूर्ती आपण पाहिली असेल. देह माणसाचा, नाक चोचीसारखे, पाठीला पंख आणि हात जोडलेले. हा अर्धमानव एकटा नाही. आपल्या पूर्वजांनी पंख असलेल्या माणसांचे एक संबंध राष्ट्रच कल्पिले होते. त्याला राजा होता, कुळे होती, दैवत होते आणि एक जुने वैरही होते. आज त्या राष्ट्राविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

या वैराचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. कश्यपाच्या दोन पत्नी, कद्रू आणि विनता, या सख्ख्या बहिणी. कद्रूचे पुत्र नाग, विनतेचे अरुण आणि गरुड. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून बहिणींनी पैज लावली. शेपटी पांढरीच होती. परंतु आईच्या आज्ञेवरून नागांनी तिला विळखा घालून ती काळी भासविली. विनता हरली आणि बहिणीची दासी झाली. मातेच्या सुटकेसाठी गरुडाने स्वर्गातून अमृत आणले, ते दर्भावर ठेवून तिला मुक्त केले आणि इंद्राकडून वर मागून घेतला, की नाग माझे भक्ष्य व्हावेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गरुडाचे गाऱ्हाणे खरे होते. कपट झाले होते, मातेने दास्य भोगले होते. परंतु माता सुटली त्या दिवशी त्या गाऱ्हाण्याचे कारणही संपले. वैर मात्र संपले नाही. सूडाची सवय जडली आणि सवयीचे पुढे अन्नच झाले.

पुढे उद्योगपर्वात या पक्षिराष्ट्राचे दर्शन घडते. इंद्राचा सारथी मातली आपली कन्या गुणकेशी हिच्यासाठी वर शोधावयास निघाला आहे; सोबतीला नारद आहेत. फिरत फिरत दोघे सुपर्णांच्या, म्हणजे सुंदर पंखांच्या या लोकांच्या देशात येतात. नारद एखाद्या जाणत्या वाटाड्याप्रमाणे त्यांची माहिती सांगतात. सुमुख, सुनेत्र, सुबल आदी गरुडपुत्रांनी हा वंश वाढविला. हे सारे ऐश्वर्यसंपन्न आहेत, बलाढ्य आहेत, श्रीवत्सचिन्ह धारण करणारे आहेत. विष्णू हे यांचे दैवत. कर्माने हे क्षत्रिय, पण निर्दय. आणि मग नारद एक वाक्य असे बोलतात, की सारे वैभव झाकोळून जावे. हे आपल्याच भाऊबंदांचा संहार करतात, म्हणून ब्राह्मण्याची योग्यता यांना लाभत नाही.

ज्या समाजाला बळ, संपत्ती आणि देवाची जवळीक हे सर्व लाभले, त्याच्या पदरी एवढी एकच उणीव महाभारतकाराने टाकली आहे. नाग हे शत्रू खरे, परंतु ते मावसभाऊ आहेत, याचा विसर नारदांना पडलेला नाही.

मातलीला तेथे जावई मिळाला नाही. तो मिळाला नागांच्या भोगवती नगरीत. योगायोग पाहा, त्या नागकुमाराचे नावही सुमुख! वैऱ्याच्या घरीही नाव तेच. या सुमुखाच्या पित्याला गरुडाने खाल्ले होते आणि महिन्याभरात मुलालाही खाईन, असे तो बजावून गेला होता. मुलाने कोणते कपट केले होते? ज्या दिवशी घोड्याची शेपटी काळी झाली, त्या दिवशी तो जन्मालाही आला नव्हता. इंद्राने त्याला दीर्घायुष्य दिले, विवाह झाला. आणि गरुड संतापून देवसभेत आला. माझे अन्न तोडलेत, माझ्या कुटुंबाने जगावे कसे, असा त्याचा सवाल. त्या भरात, विष्णूला मी पंखाच्या टोकावर वाहतो, अशी बढाईही तो मारून बसला. तेव्हा विष्णूंनी आपला केवळ एक बाहू त्याच्या खांद्यावर ठेवला. पक्षिराज त्या भाराने कोसळला आणि त्याने क्षमा मागितली. विष्णूंनी मग पायाच्या अंगठ्याने सुमुखाला उचलून गरुडाच्या छातीवर टाकले. तेव्हापासून तो नाग गरुडाच्या अंगावरच राहिला. जो भक्ष्य होता, तो भूषण झाला.

ही कथा कोण कोणाला सांगतो? कण्व मुनी दुर्योधनाला सांगतात. कौरवांच्या सभेत, श्रीकृष्ण शिष्टाईसाठी आले असताना. सभेतील प्रत्येकाला तिचा रोख कळला असेल. दुर्योधनाने मात्र कर्णाकडे पाहून हसत मांडीवर थाप मारली आणि ईश्वराने मला जसे घडविले तसा मी वागतो, असे उत्तर दिले. त्यापुढचा इतिहास कुरुक्षेत्राचा आहे.

पण सुपर्णांच्या कुळाची दुसरीही बाजू आहे आणि ती रामायणाने जपली आहे. गरुडाचा वडील भाऊ अरुण, त्याचे पुत्र संपाती आणि जटायू. तरुणपणी दोघे सूर्याकडे झेपावले. धाकटा होरपळू लागताच थोरल्याने त्याच्यावर आपले पंख पसरले. जटायू वाचला, संपातीचे पंख जळाले. पुढे हाच जटायू वृद्धपणी सीतेसाठी रावणाशी झुंजून पडला आणि रामाने आप्ताप्रमाणे त्याला अग्नी देऊन गोदावरीच्या पाण्यात उदक दिले. इकडे पंगू संपाती समुद्रकाठी उपोषणाला बसलेल्या वानरांना खावयास निघाला होता. त्यांच्या बोलण्यात जटायूचे नाव आले मात्र, त्याची भूक मावळली. भावाला तिलांजली देण्यासाठी मला पाण्यापर्यंत न्या, अशी विनवणी त्याने केली. त्याने वानरांना सीतेचा ठावठिकाणा सांगितला आणि बोलता बोलता त्याला नवे पंख फुटले.

एकाच कुळातली ही दोन चित्रे आहेत. एकाला भाऊबंद हे अन्न दिसले. दुसऱ्याला भावाच्या नावाने अन्नाचा विसर पडला. पंख दोघांनाही होते.

गरुडाचे चित्र आज दूरदेशीही मिरवते. इंडोनेशियाने १९५० साली त्याला राष्ट्रचिन्हाचा मान दिला. परंतु मला आपल्या पेडणे महालाचे अधिक कौतुक वाटते. येथे सांतेरी वारुळाच्या, आपल्या भाषेत रोयणीच्या, रूपात पुजली जाते. वारूळ म्हणजे नागाचे घर. नागपंचमीला त्याची पूजा करणारे हात विष्णूच्या देवळात गरुडापुढेही जोडले जातात. दोघा मावसभावांना आपल्या वाडवडिलांनी एकाच गावात नांदविले. कोणा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला वेशीबाहेर काढले नाही.

देवांच्या बाबतीत जे साधले, ते घरांच्या बाबतीत साधतेच असे नाही. एका माडावरून, एका सामायिक भिंतीवरून आजोबांनी धरलेला अबोला नातवंडे इमानाने चालवीत असतात. मूळचे गाऱ्हाणे कदाचित खरेही असेल. गरुडाचेही खरेच होते. अशा घरात कोणी विचारावे, की ज्याच्याशी आपण बोलत नाही, तो त्या दिवशी जन्माला तरी आला होता काय?

चोपड्याच्या पाण्यावर तो तांबडा पक्षी पुन्हा दिसेल, तेव्हा हात अवश्य जोडावेत. मात्र त्याच वेळी गरुडाच्या छातीवर निर्धास्त विसावलेल्या त्या सुमुखाचीही आठवण ठेवावी.