शोरूमचा एसी आणि बीडचा मे महिना

आज मायलेज नाही, इंजिन नाही. गाडीत आपण जिथं बसतो, त्या जागेबद्दल बोलू.

२०१९ च्या जूनमध्ये एमजी हेक्टर आली, ऑगस्टमध्ये किया सेल्टोस. दोन्ही ब्रँड आपल्याकडं नवे. हेक्टरला १०.४ इंचाची उभी स्क्रीन, सेल्टोसच्या वरच्या व्हेरियंटला व्हेंटिलेटेड सीट. लोक बॉनेटआधी डॅशबोर्ड बघायला लागले.

पण मी बीडचा. इथं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि धूळ तर पाचवीला पुजलेली. चकचकीत काळं प्लास्टिक, म्हणजे पियानो ब्लॅक, शोरूममध्ये लय भारी दिसतं. रोज धूळ पुसून पुसून त्यावर ओरखडे उठतात. त्यापेक्षा खरबरीत, कडक प्लास्टिक परवडलं.

दुसरं, एसी. त्या सेल्टोसला वेगळी बटणं होती, हेक्टरमध्ये बरंचसं काम स्क्रीनवर. मांजरसुंब्याच्या घाटात नजर रस्त्यावर ठेवून हाताला बटण सापडतं का, ते बघा. युरो एनकॅपनंही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्नच्या खऱ्या बटणांना गुण ठेवलेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शोरूममध्ये बहुतेकदा टॉप मॉडेल उभं असतं, आपलं बजेट मधल्याचं. मागचा एसी व्हेंट, सीटचं कापड, आर्मरेस्ट तिथंच कमी होतात. हप्ते मात्र पाच-सात वर्षं फेडायचे. म्हणून जे व्हेरियंट घेणार, तेच दाखवा म्हणा. भर दुपारी जा. आईला मागच्या सीटवर बसवा, अर्धा तास फिरवा. ती काय म्हणते, तोच खरा रिव्ह्यू.

भेटू पुढच्या भागात!