पाटी बघून बसा

आजचा भाग फुलंब्रीहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आमच्या स्टँडवर सिल्लोडच्या एसट्या येतात आणि संभाजीनगरच्याही. बारावीत असताना घाईघाईत पाटी न बघता चढलो आणि उलट्या दिशेला निघालो. तेव्हा नुसते तिकिटाचे पैसे गेले. मागच्या वर्षी मात्र तीच चूक मी कुबरनेटीसवर केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अनेक सर्व्हरवर चालणारे कंटेनर सांभाळणारी ही सिस्टीम. गूगलने २०१४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. सर्व्हरचा असा एक गट म्हणजे क्लस्टर. आमचे दोन होते, एक टेस्टिंगचा आणि एक प्रॉडक्शनचा, म्हणजे जिथे खरे ग्राहक असतात तो.

आपण लॅपटॉपवरून क्यूबसीटीएल नावाच्या टूलने कमांड देतो. ती कुठे जाणार, हे एक फाइल ठरवते: क्यूबकॉन्फिग. त्यात क्लस्टरचा पत्ता असतो, आपली ओळख असते, आणि या दोघांची जोडी म्हणजे कॉन्टेक्स्ट. एका वेळी एकच कॉन्टेक्स्ट चालू असतो. हीच आपली पाटी!

तर झालं असं. रात्री एका टर्मिनलमध्ये मी टेस्टिंगचं काम करत होतो. मध्येच प्रॉडक्शनचा लॉग बघायचा म्हणून दुसरं टर्मिनल उघडलं आणि क्लाउडच्या कमांडने त्या क्लस्टरचं कनेक्शन आणलं. मला वाटलं, यादीत एक नाव वाढलं. पण ही कमांड चालू कॉन्टेक्स्टसुद्धा बदलते. आणि फाइल दोन्ही टर्मिनलची एकच! पहिल्या खिडकीत परत आलो, डिलीट मारलं. प्रॉडक्शनचं डिप्लॉयमेंट गेलं.

हात थरथरत होते. लपवावं असंही क्षणभर वाटलं. पण लगेच टीम लीडला फोन लावला. सेटिंग गिटमध्ये होती म्हणून सगळं परत उभं राहिलं. तोपर्यंत ग्राहकांसमोर एरर होतीच.

त्यानंतर मी चार सवयी लावून घेतल्या. एक, प्रॉडक्शनची फाइल वेगळी. लागेल तेव्हाच, त्या एका टर्मिनलपुरती, क्यूबकॉन्फिग व्हेरिएबलने जोडायची. दोन, चालू कॉन्टेक्स्टचं नाव प्रॉम्प्टमध्येच दिसलं पाहिजे. तीन, डिलीटसारख्या कमांडमध्ये कॉन्टेक्स्टचं नाव स्वतः टाईप करायचं. चार, रोजच्या कामाला प्रॉडक्शनवर फक्त बघायची परवानगी मागून घ्यायची. जास्तीचा अधिकार म्हणजे मान नाही, जोखीम आहे.

आज एकच करा. 'क्यूबसीटीएल कॉन्फिग गेट-कॉन्टेक्स्ट्स' चालवा. जुन्या प्रोजेक्टची, आता न लागणारी किती नावं निघतात बघा, आणि ती काढून टाका. घाई कितीही असो, आधी पाटी बघा, मग चढा.

भेटू पुढच्या भागात.