खाडीच्या गाळांतील हिशेब



ज्या रस्त्याला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, पण जुन्या रहिवाशांच्या तोंडीं जो अद्याप डिलाईल रोडच आहे, तेथून शिवडीची खाडी फार दूर नाहीं. १९८२ च्या संपानंतर येथील गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि धुराड्यांचा धूर केव्हांच विरला. कारखान्यांतून व आपल्या मोऱ्यांतून पाण्याबरोबर जें गेलें, तेंहि असेंच विरलें असावें, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. समुद्र सर्व कांहीं पोटांत घालतो असें आपण म्हणतों. परंतु त्यांतील पुष्कळसें तो किनाऱ्यावरच ठेवून जातो.

याचें कारण असें. शिसें, जस्त, तांबें, पारा हे धातु मातीच्या बारीक कणांना चिकटतात. गोडें पाणी खाऱ्या पाण्यास मिळालें कीं हे कण एकमेकांना धरून जड होतात व तळाशीं बसतात. तिवरांच्या मुळांशीं प्रवाह मंदावतो, म्हणून तेथें गाळ अधिक सांचतो. या गाळांत प्राणवायु जवळजवळ नसतो. तेथील सूक्ष्म जंतु गंधकाचीं जीं संयुगें बनवितात, त्यांत धातु अडकून पडतात. गाळाचा काळा रंग आणि नासक्या अंड्यासारखा वास हा त्याच व्यवहाराचा.

हा माल येतो कोठून? ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखाने, दारूखान्यांतील जहाजतोडणी, कुर्ला-धारावीवरून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी, हीं ठिकाणें सर्वांस ठाऊक आहेत. पण पहिल्या पावसांत रस्त्यावरून वाहणारें तेल आणि टायरांची झीज, हा आपला वाटा कोण मोजतो? शिसेंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० सालीं बंद झालें. त्यांतील शिसें मात्र नष्ट होत नाहीं. शास्त्रज्ञ गाळांत नळी खुपसून उभा स्तंभ काढतात व थराथराचें वय ठरवितात; जुन्या रोजकीर्दीचीं पानें उलटावीं, तसाच हा प्रकार.

मग हा गाळ उपसून टाकावा, असें कोणीहि म्हणेल. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मिठीच्या खोलीकरणाला जोर आला. पुराच्या भयापुढें तें आवश्यकच होतें. परंतु उपसलेल्या गाळाला हवा लागली कीं बांधलेले धातु पुन्हां मोकळे होऊं लागतात. तो टाकावयाचा कोठें, हा प्रश्न उपसण्यापूर्वींच सुटला पाहिजे.

येथें केवळ रोहित पक्ष्यांचा प्रश्न नाहीं. गाळांतील जंतु पाऱ्याला अधिक विषारी रूप देतात. तें किड्यांतून माशांत, माशांतून माणसांत चढत जातें. जपानांत मिनामाताच्या कोळ्यांनीं १९५६ पासून जगाला हें दाखवून दिलें. आपल्या खाडींत निवट्या व शिंपल्या वेचणाऱ्यांच्या ताटांत काय पडतें, याची नियमित तपासणी व्हावयास नको काय?

ठाण्याच्या खाडीला २०२२ सालीं रामसर स्थळाचा मान मिळाला. मान मिळाल्यानें तळ स्वच्छ होत नाहीं. विष उगमाशींच अडविणें हा खरा उपाय. फुटलेल्या तापमापकाचा पारा किंवा गाडीचें जुनें तेल मोरींत न ओतणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.