आत्यांचा सोपा, माझा ओटा

मागच्या बैठकीत एका ताईनं घरासाठी कर्ज मागितलं, आणि जुनं घर पाडायचं की राखायचं यावर दोन तास गेले. म्हणून आज माझ्याच घराचं सांगते.

माझं सासर माण तालुक्यातलं. माळवदाचं घर, दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, पुढं सोपा, मागं माजघर. बाहेर ऊन भाजत असलं तरी माजघरात गार. पण स्वयंपाकघर काळंकुट्ट, न्हाणीला दार नाही आणि संडास तर नाहीच. जुन्या वाड्यांचं कौतुक करणारे हे कधी सांगत नाहीत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला आपला गट गेला होता. सहा चौक, भिंतींवर रंगीत चित्रं, मागं कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’ सिनेमा इथंच झाला म्हणून पोरी फोटो काढत होत्या. आपल्यातली एक मावशी म्हणाली, “एवढं सारवायला किती बायका लागत असतील गं?” मला आमचंच घर आठवलं.

आमच्यात ठरलं ते असं. आत्या म्हणाल्या, सोपा, खांब आणि देवळ्यांना हात लावायचा नाही. मी म्हटलं, बरं आत्या, पण मला ओटा, मोठी खिडकी आणि दाराची न्हाणी पाहिजे. न्हाणी-संडास परसात नवीन बांधलं, सांडपाणी पाइपानं भिंतीपासून लांब काढलं. विजेसाठी भिंती फोडल्या नाहीत, वायर पाइपातून तुळईच्या कडेनं नेली.

चूक झाली ती गिलाव्यात. मिस्त्री म्हणाला, सिमेंट मारू, पन्नास वर्षं बघायला नको. आम्हीही भुललो. एका पावसाळ्यात भिंत फुगली, गिलाव्याचे पोपडे सुटले, मागची माती बोटानं निघायला लागली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आत कोंडते. सगळं खरवडलं. गटाचे हप्ते चालू आणि काम दुबार! चुन्याचं काम येणारा म्हातारा गवंडी शोधण्यात महिना गेला. त्यानं चुना बरेच दिवस भिजत ठेवला, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू घेतली आणि पातळ थर देऊन रोज पाणी शिंपडलं. घाई केली की चुन्याला भेगा पडतात.

माळवदाचं मात्र मनावर घ्या. गळतं म्हणून आपण दरसाल वर पांढरी माती टाकतो. खालच्या तुळयांना वाळवी लागलेली असते आणि वर ओझं वाढत जातं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपात दगडी भिंती पडल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भिंतींबरोबर माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. आम्ही इंजिनिअरला दाखवून जादा माती उतरवली, दोन तुळया बदलल्या. तो म्हणाला, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड पाहिजेत, नाहीतर धक्क्यात भिंत दोन फाळ्यांत उघडते. तेही बसवले. पूर येणाऱ्या कृष्णाकाठच्या बायांनी तर नुसत्या माती-चुन्यावर भिस्त ठेवू नका. २०१९ च्या महापुरात सांगलीकडं मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. तिथं जोतं उंच आणि पक्कं दगडी हवं.

आणखी एक. त्या ताईला मी विचारलं, ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे का? ती गप्प झाली. कर्ज तिच्या नावावर, घर दिराच्या नावावर. आधी उतारा, मग गिलावा, असं आम्ही बैठकीत ठरवलं. तिच्या घरी त्यावरून भांडण चालू आहे, अजून काही मिटलेलं नाही.

आमच्या आत्या आता न्हाणीला आतून कडी लावून निवांत अंघोळ करतात. बाहेर येऊन वर मलाच म्हणतात, खिडकी एवढी मोठी कशाला केलीस, मांजर आत येतंय.

पुढच्या वेळी चुना कसा विरवायचा ते त्या गवंडीबाबांकडूनच ऐकू.